मागे वळून पाहणारं बदक

हे सदर मी गेली कित्येक वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. रिकाम्या घरातली पावलं, आरशातली बाई... वाचायचं, चहा संपवायचा, कप विसळायचा, विषय संपला. आमचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. आमचे वडील पोस्टात होते. कुणी असली गोष्ट सांगायला लागलं की ते शांतपणे विचारायचे, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" समोरचा विषय बदलायचा.

आता माझी पंचाईत अशी आहे की मी स्वतः पाहिलं आहे. तेही दुपारी अडीच वाजता, माझ्याच शेडमध्ये. मोबाईलमध्ये तारखेसकट फोटो आहे. म्हणून लिहिते आहे.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची दोन रो-हाऊस आहेत, भिंतीला भिंत लागून. एकात मी राहते, दुसऱ्यात माझा मोठा भाऊ मिलिंद – आमचा दादा – आणि प्रज्ञावहिनी. मी आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. मग नोकरी सोडली, पार्किंगच्या जागेत पत्र्याची शेड टाकली, दोन चाकं आणि एक इलेक्ट्रिक भट्टी घेतली आणि मातीकामाचे क्लास सुरू केले. शेडच्या दारात उभं राहिलं की पांडवलेण्यांचा डोंगर समोर दिसतो.

दादा ओझरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याची रेघ म्हणजे रेघ! लहानपणी माझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशे तोच काढायचा आणि बाई मला विचारायच्या, "वैशाली, छापील चिकटवलास का गं?" बोलायलाही तितकाच. चुका काढायला तर त्याला फार आवडायचं. लग्नाच्या पत्रिकेत शुद्धलेखन तपासणारा माणूस.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी दाढी करताना तो खाली बसला. स्ट्रोक. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, याला अफेझिया म्हणतात – त्यांना बहुतेक सगळं कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. बोलायला गेला की एकच आवाज निघायचा, "ता... ता..." लिहिताही येईना. डावा हात धड होता, पण आयुष्यभर उजव्या हाताने काम केलेला माणूस तो. डाव्या हाताने चमचा धरला की वरण शर्टावर.

स्पीच थेरपीला मी त्याला घेऊन जायचे. थेरपिस्ट मॅडम चांगल्या होत्या, तरुण, मनापासून शिकवणाऱ्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या.

"सर, हे काय आहे? बघा... सफ... सफर..."

दादा त्या सफरचंदाकडे बघायचा, मग त्यांच्याकडे, मग खिडकीबाहेर. ज्या माणसाने विमानाच्या पंखांची ड्रॉइंग तपासली, त्याला सफरचंद विचारत होते. चूक कुणाचीच नव्हती. पण एक दिवस त्याने डाव्या हाताने सगळी कार्डं टेबलावरून खाली लोटली आणि त्यानंतर तो थेरपीला गेलाच नाही. रिक्षा दारात आली की भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

मार्चमध्ये एका संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. त्या दिंडोरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, माहेर चांदवडचं. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ताई, काल ह्यांनी ताट सरकवलं आणि हाताने खूण केली, बास. जेवणाचं नाय हो ते बास. मला कळलं कशाचं ते."

मी म्हटलं, उद्यापासून त्याला माझ्याकडे सोडत जा.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी शाळेत जाताना दादाला माझ्या शेडमध्ये सोडायला लागल्या. एकटा नको, एवढंच. मी त्याला भट्टीपासून लांब, टेबलाजवळ खुर्ची दिली. तो दिवसभर बसायचा. माझ्याकडे बघायचा असं नाही, नुसता बसायचा.

त्याच सुमारास केतकी आली. केतकी माझी शाळेतली विद्यार्थिनी, आता इंटिरियर डिझायनर आहे. गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पाहुण्यांसाठीची खोली नव्याने सजवायची होती आणि तिला हव्या होत्या बारा सुरया. साध्या नाहीत, एट्रुस्कन पद्धतीच्या!

मला तेव्हा हा शब्दही नीट माहीत नव्हता. केतकीनेच सांगितलं. आजच्या इटलीत रोमचा दबदबा वाढायच्या आधी राहणारे हे लोक. त्यांनी लिहिलेलं फारच थोडं उरलं आहे. उरली ती मुख्यतः थडगी, आणि थडग्यांत मेलेल्या माणसासोबत ठेवलेली भांडी – वाइनच्या सुरया, पेले, कुप्या. तिने एका छोट्या गावातल्या संग्रहालयाच्या वेबसाइटवरून बारा फोटो प्रिंट करून आणले होते.

"मॅडम, प्राणी बघा ना!"

मी बघतच राहिले. सायीसारख्या पिवळट मातीवर काळपट तपकिरी आणि जांभळट लाल रंगात प्राण्यांच्या रांगा. पंखांचा सिंह. बाईच्या तोंडाचा सिंह. गरुडाच्या चोचीचं, कान टवकारलेलं काहीतरी. एका सिंहाच्या जबड्यातून चक्क माणसाचा पाय लोंबत होता आणि सिंहाचा चेहरा असा निवांत, जणू ऊस खातोय. मधल्या रिकाम्या जागांत ठिपक्यांची फुलं. आणि रंगावर टोकदार हत्याराने कोरलेल्या बारीक रेघा – पिसं, आयाळ, बरगड्या. सिन्नरच्या गोंदेश्वराला मी मुलांच्या सहली नेल्या आहेत, तिथल्या दगडातले व्याल आणि मकर असे जोडप्राणी कितीदा कागदावर उतरवले आहेत. हे प्राणी मला परके वाटलेच नाहीत.

बारापैकी एक सुरई फुटकी होती. पोटाचा मधला, तळहाताएवढा भाग हरवलेला. संग्रहालयवाल्यांनी तिथे राखाडी गिलावा भरून ती उभी केली होती. डावीकडे सिंहाचं मागचं अंग, उजवीकडे चोचीचा प्राणी, आणि गिलाव्याच्या कडेला कुठल्यातरी तिसऱ्या प्राण्याच्या खुराचं टोक आणि पंखाचं टोक, इतकंच. मी ठरवलं, तिथे सरळ फुलं काढायची.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. मी त्या सुरईवर सिंह आणि चोचवाला रंगवून घेतले होते, मधली जागा कोरी होती. सुरई टेबलावर फिरत्या पाटावर ठेवलेली, बाजूला रंगाची वाटी आणि ब्रश. दुपारी दोनच्या सुमारास लाइट गेली. पंखा बंद, पत्रा तापलेला... मी दादाला म्हटलं, "थांब, सरबत करून आणते." घरात गेले आणि तेवढ्यात एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. सगळं मिळून अर्धा तास गेला असेल.

सरबताचे ग्लास घेऊन शेडच्या दारात आले आणि थबकले.

दादाच्या डाव्या हातात ब्रश होता.

तो पुढे वाकला होता, लुळा उजवा हात मांडीवर, आणि डावा हात... कसं सांगू? डावा हात दादाचा जुना उजवा हात असल्यासारखा चालत होता. सरळ, न थांबता, न थरथरता. मी हाक मारली, "दादा?" त्याने मान वर केली नाही. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून टपकला, तोही त्याने पुसला नाही. फोटोची प्रिंट टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फडक्याखाली होती. त्याच्या समोर काहीच नव्हतं. तो कशावरूनही उतरवून काढत नव्हता.

मी ग्लास खाली ठेवले आणि तशीच उभी राहिले. त्याने ब्रश ठेवला, कोरायची सळई उचलली आणि पंखाची पिसं ओढायला लागला. एक, दोन, तीन... सगळी पिसं मागे झुकलेली. फक्त चौथं पीस त्याने उलटं ओढलं, पुढे झुकलेलं. माझ्या मनात आलं, अरेरे, चुकला. दादाने आजवर चुकीची रेघ तशीच सोडलेली मी पाहिलेली नाही. ती त्याने तशीच सोडली.

कोऱ्या जागेत आता एक घोडा होता. पुढून घोडा, पंख असलेला, आणि मागून मासा – शेपटीला दोन वेटोळी. त्याच्या पोटाखाली एक छोटं बदक, मान वळवून मागे बघणारं. त्याखाली तीन नागमोडी रेघा.

दादाने सळई ठेवली, मागे टेकला आणि माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाला, "पाणी."

पाच महिन्यांतला पहिला शब्द! मी पळत जाऊन माठातलं पाणी आणलं. त्याने ग्लास बाजूला सारला आणि चिडून मान हलवली. मला वाटलं थंड नाही म्हणून, फ्रिजमधली बाटली आणली. त्याने कपाळावर हात मारला – अगदी जुना दादा, 'कसली बहीण दिली आहे' असा – आणि सुरईवरच्या त्या नागमोडी रेघांवर बोट आपटलं.

"पाणी! पाणी!"

"हां... हे पाणी आहे?"

त्याने डोळे मिटून मान डोलावली. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. मग मी सरबत त्याच्या हातात दिलं, तर हात इतका थरथरला की निम्मं मांडीवर सांडलं. पाच मिनिटांपूर्वी त्याच हाताने केसाएवढ्या रेघा ओढल्या होत्या.

मी मोबाईल काढला आणि सुरईचा फोटो घेतला. सुरुवातीला म्हटलं तो हाच फोटो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याला नवी सुरई आणि ब्रश दिला. रेघ वेडीवाकडी आली, बालवाडीतल्या मुलासारखी. तिसऱ्या दिवशीही तेच. तो हात पुन्हा तसा कधीच चालला नाही. पण दादाने ब्रश सोडला नाही, ही खरी गोष्ट. रोज नऊ वाजता वहिनी सोडायच्या आणि तो आपणहून ब्रशकडे हात करायचा. मी प्राणी काढायचे, तो गिरवायचा. आणि गिरवताना शब्द निघायला लागले. "शेपूट." "खूर." "चोच." सफरचंद आलं नाही, पण 'आयाळ' आली! मी हे थेरपिस्ट मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या स्वतः घरी आल्या, तासभर बघत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "ताई, कार्डं मी फेकून देते. तुम्ही मला या प्राण्यांच्या झेरॉक्स द्या." त्यांचं म्हणणं, चित्र काढता काढता मेंदूला शब्दापर्यंत जायची दुसरी वाट सापडत असावी. हे मला पटतं. शब्दांचं कोडं मला पडलेलंच नाही.

कोडं पुढे आहे.

भट्टीतून सुरया निघाल्यावर केतकी आली. ती फुटक्या सुरईच्या नकलेपुढे अडली.

"मॅडम, हा घोडा कुठून आला? फोटोत तर नाही."

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि तिच्या वयाच्या मुली करतात तेच केलं – त्या संग्रहालयाला मेल पाठवला. हरवलेल्या भागात काय होतं, कुणाला माहीत आहे का? चार दिवसांनी उत्तर आलं. लुचिया नावाच्या, भांडी सांधण्याचं काम करणाऱ्या बाईंचं. त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं, ते तुकडे कधी सापडलेलेच नाहीत, काय होतं ते कुणालाच माहीत नाही. कुतूहल म्हणून तुमच्या कलाकाराने काय काढलं ते पाठवा. केतकीने माझा फोटो पाठवून दिला. त्यांनी सुंदर आहे, आवडलं, असं कळवलं. झालं, विषय संपला. ती सुरई मी वायनरीला दिली नाही, दादासाठी ठेवून घेतली. तिच्याऐवजी दुसरी केली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. दादा आता दोन-दोन शब्द जोडायला लागला होता. डिसेंबरमध्ये एका सकाळी क्लास चालू असताना केतकी स्कूटर स्टँडला न लावताच शेडमध्ये शिरली. मागे स्कूटर आडवी झाल्याचा आवाज आला, तिने वळूनही पाहिलं नाही.

"मॅडम, बसा. आधी बसा."

तिने मोबाईल पुढे केला. लुचियाबाईंचा मेल. संग्रहालयाचं तळघर रिकामं करताना जुन्या खोदकामातला एक खोका निघाला, माती न धुतलेल्या तुकड्यांचा. त्यातले तीन तुकडे त्या सुरईचे. धुतले, जोडले. सोबत फोटो होता.

पुढून घोडा, मागून मासा. दोन वेटोळी. पोटाखाली बदक, मागे वळून पाहणारं. खाली पाणी. मी बोटांनी फोटो मोठा केला आणि पंखावर आणला. चौथं पीस उलटं होतं.

मी खरोखर बसले.

मेलच्या शेवटी बाईंनी एकच ओळ लिहिली होती, केतकीने ती मला दोनदा वाचून दाखवली: कृपा करून मला सांगा, तुम्ही हे कुठे पाहिलंत?

तेव्हापासून मी स्वतःलाच वकिलासारखे प्रश्न विचारले आहेत. दादाने आधी कुठे फोटो पाहिला असेल? पण तुकडे तर तेव्हा धुतलेही नव्हते. असे प्राणी त्या काळी सगळीकडेच असतील? असतात. पंखांचे घोडे असतात, अर्धे मासे असतात, बदकंही पुष्कळ असतात. लुचियाबाईंनीच तसं लिहिलं. पण हे तिन्ही असे एकत्र त्यांनी दुसरीकडे पाहिले नव्हते. आणि उलटं पीस ही तर त्या जुन्या चित्रकाराची चूक. एकाच माणसाच्या हातून एकदाच झालेली चूक अडीच हजार वर्षांनी पाथर्डी फाट्याला कशी येते? योगायोग म्हणा. मीही म्हणते, दिवसातून एकदा.

जानेवारीत आम्ही व्हिडिओ कॉल केला. वहिनींनी शाळेतून अर्धी रजा घेतली. आमच्याकडे दुपार, तिकडे सकाळ. लुचियाबाई साठीच्या, पांढरे आखूड केस, चष्मा दोरीला. त्यांनी हातमोजे घालून खरी सुरई कॅमेऱ्यासमोर धरली आणि हळूच फिरवली. दादाने डाव्या हाताने आमची उचलली. मी खाली हात धरून होते, पडली तर म्हणून. दोघं एकमेकांच्या सुरया बघत राहिले.

मग बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. केतकी म्हणाली, "दादा, त्या विचारतायत, तुम्हाला कसं कळलं?"

हा प्रश्न मी त्याला तोवर दहा वेळा विचारला होता आणि दर वेळी त्याने खांदे उडवले होते. या वेळी त्याने बराच वेळ घेतला. ओठ हलत होते. वहिनींनी शब्द सुचवायला तोंड उघडलं, मी त्यांचा हात दाबला.

"बाकीच्या... रेघा," दादा म्हणाला. "तिकडेच... जात होत्या."

केतकीने ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढला आणि मान हलवली, समजल्यासारखी. मी समजू शकते. ड्राफ्ट्समन माणूस, दोन बाजू दिल्या की तिसरी काढायची हेच त्याने जन्मभर केलं. खूर आहे म्हणजे घोडा, पंखाचं टोक आहे म्हणजे पंख. इथवर ठीक.

"आणि बदक?" मी विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. तोंड वाकडं करून, अर्ध्याच ओठाने, पण हसला.

"बदक... काय माहीत!"

वहिनी हसल्या, मी हसले, आणि केतकीने भाषांतर करायच्या आधीच तिकडे लुचियाबाईही हसायला लागल्या. मग त्यांनी कागद-पेन घेतलं आणि चित्रकाराचं नाव विचारलं, नोंदीसाठी. मी सांगायला गेले तर दादाने हात वर केला. "मि... मिलिंद," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "मिलिंद." थेरपिस्ट मॅडम म्हणायच्या, काही जणांना स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी येतं. वहिनी उठून आत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

तर असं आहे. ओळखीच्या एका बाईंनी पूर्वजन्म सुचवला, एकाने डोळ्यांवर हात ठेवून कसलातरी जप करायला सांगितलं. मी हात जोडले. आम्ही कुठे नारळ फोडला नाही आणि फोडणारही नाही. डॉक्टरांना फोटो दाखवले, त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि "इंटरेस्टिंग" म्हणून परत दिले. वडील असते तर त्यांना मी सांगितलं असतं, हो, मी स्वतः पाहिलं. पुढे काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा. पीस उलटं का, एवढं सांगितलंत तरी चालेल.

परवाचं सांगते आणि थांबते. दादाला माती कापायची बारीक तार आणि पॉलिश पेपर हवा होता. ते द्वारका चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानातून मीच आणणार होते. दादा म्हणाला, "मी. एकटा. बस." वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. शेवटी त्याला फाट्यावर सिटी बसमध्ये बसवून दिलं. तिकीट मागायला कंडक्टर आला, तेव्हा मी खाली खिडकीशीच उभी होते. "एक... द्वारका," दादा म्हणाला. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि पुढे गेला. त्याच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

बस सुटली आणि मी रिक्षा केली. खरं सांगते, राहवलंच नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, त्या बसच्या मागे ठेवा, पण फार जवळ नको. द्वारकेला नेहमीची गर्दी, ट्रक, हॉर्न, सगळं. दादा काठी टेकत उतरला, फुटपाथवर स्थिर उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि थेट माझ्या रिक्षाकडे आला. वाकून आत डोकावला.

"वैशू," तो म्हणाला, एकही शब्द न अडखळता, "घरी जा."